उन्हाला अडवणारं कापड घरच्या घरी कसं ओळखाल?

धरमपेठेतल्या एका वाचक भगिनींचं चार पानी पत्र गेल्या पंधरवड्यात आलं. त्यांच्या भिशीच्या अकराजणी मुलांच्या परीक्षा आटोपल्या की चिखलदऱ्याला जायच्या आहेत आणि तिथून पायी गाविलगड चढायचा बेत आहे. या भगिनींच्या दोन्ही हातांच्या पंजांवर आणि मानेच्या मागे कोडाचे पांढरे डाग आहेत. पत्रातलं एक वाक्य वाचून मी थोडा वेळ पत्र बाजूलाच ठेवलं. जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही आपल्या गाडीत बसा, उन्हाने डाग वाढतील, आम्ही किल्ला बघून येतो." सीताबर्डीवरच्या एका दुकानात त्यांनी 'यूपीएफ ५०' असं छापलेलं पूर्ण बाह्यांचं जाकीट पाहिलं. किंमत अठराशे रुपये. यजमानांचं म्हणणं, ही नुसती पाटी आहे, कापड ते कापड. आता त्या विचारतात, जाकीट घ्यावं, की घरातल्याच कापडावर भागेल, की गाडीतच बसावं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. गाडीत मुळीच बसू नका. उन्हात उभ्या गाडीची भट्टी होते हे एक, आणि दुसरं म्हणजे गाडीच्या बाजूच्या काचेतून उन्हाचे जांभळ्यापलीकडचे किरण बऱ्यापैकी आत येतात, आणि कोडाच्या त्वचेला सोसत नाहीत ते नेमके हेच. म्हणजे सावलीत बसल्याचं समाधान, आणि हात खिडकीशी भाजतोय!

पहिल्या दोन प्रश्नांसाठी मात्र मला तीन दिवस गच्चीवर काढावे लागले. त्याची हकिगत सांगते, कारण हा प्रश्न काही एकट्या त्यांचा नाही. हल्ली आपल्याकडच्या कितीतरी बायका रामटेकचा गड चढतात, श्रावणात पचमढीच्या नागद्वारला जातात, महाशिवरात्रीला चौरागडाच्या पायऱ्या चढतात, कुणी मे महिन्यात थेट हिमालयात जातात. सगळ्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली असते, चिवडा असतो. अंगावर काय घालायचं याचा विचार मात्र 'जुनं काहीतरी, खराब झालं तरी चालेल' इथंच संपतो. आणि जुनं म्हणजे बहुतेक वेळा विरलेलं.

आधी ती पाटी काय म्हणते ते बघू. यूपीएफ हा कापडाचा आकडा. ५० म्हणजे कापडावर पडलेल्या त्या किरणांपैकी पन्नासातला एक भाग आत जातो, म्हणजे शंभरात दोन. १५ असेल तर पंधरातला एक. हा आकडा ठरवायची पहिली शिस्तशीर पद्धत १९९६ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून काढली, कारण गोऱ्या कातडीच्या त्या लोकांना उन्हाने कातडीचा कर्करोग फार होतो. प्रयोगशाळेत कापडाच्या तुकड्यावर एका बाजूने किरण सोडतात आणि दुसऱ्या बाजूला किती आले ते यंत्राने मोजतात. म्हणजे पाटी खोटीच असते असं नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. मोजताना तुकडा कोरडा असतो, ताणलेला नसतो आणि बहुधा नवा असतो. तुमच्या अंगावर मात्र तो घामाने भिजलेला, कोपरावर ताणलेला आणि वीसदा धुतलेला असणार. अमेरिकेतल्या पद्धतीत कापड चाळीस वेळा धुऊन मग आकडा लावतात, ते मला जास्त घरगुती शहाणपणाचं वाटतं.

यातला एक हिशेब आपल्याला कळण्यासारखा आहे. कापड म्हणजे शेवटी ताणा आणि बाणा, आणि मध्ये भोकं. समजा, कापडाच्या शंभर भागांत दहा भाग भोकं आहेत. मग सूत कितीही जाड असो, कुठलाही रंग असो, दहा भाग ऊन सरळ आत येणार. त्या कापडाचा आकडा १० च्या वर जाऊच शकत नाही. ५० हवा असेल तर भोकं शंभरात दोनच चालतील, तीही सुताने बाकी सगळं ऊन अडवलं तर. म्हणून कापड घेताना पहिली गोष्ट रंग नाही, ब्रँड नाही. पहिली गोष्ट वीण. दुकानात कापड ट्यूबलाइटकडे धरा. तारे दिसले की खाली ठेवा.

आता गच्चीवरची परीक्षा. हळदीचा डाग साबणाने जात नाही, उन्हात टाकला की आपोआप उडतो, हे आपल्याला आईने शिकवलेलं. तोच धागा पकडला. पांढऱ्या केंब्रिकचा हातभर तुकडा घेतला, दोन चमचे हळद पाण्यात कालवून त्यात बुडवला आणि सावलीत वाळवला. (साबणाचा हात लागू देऊ नका, हळद लाल होते.) तो पोळपाटावर ताणून बसवला आणि त्यावर चार चार बोटांचे निरनिराळ्या कापडांचे तुकडे कच्च्या टाक्यांनी शेजारी शेजारी टाचले. एका चौकोनावर जाड पुठ्ठा टाचला आणि एक चौकोन तसाच उघडा ठेवला. या दोन चौकोनांना विसरू नका. पुठ्ठ्याखाली जे राहील ते सोळा आणे संरक्षण, उघड्यावर जे होईल ते शून्य, आणि बाकी सगळ्यांचे गुण या दोहोंच्या मध्ये. सकाळी अकरा ते दुपारी तीन, असे तीन दिवस पोळपाट गच्चीवर होता. घरच्यांनी पोळ्यांचं काय म्हणून विचारलं. ओट्यावर लाटल्या.

पहिल्याच संध्याकाळी उघडा चौकोन फिका पडला, तिसऱ्या दिवशी जवळजवळ पांढरा झाला. टाके उसवून तुकडे उचलले तेव्हा मजा आली.

मलमलची ओढणी जी आपण उन्हात मोठ्या विश्वासाने तोंडाला बांधतो, ती एकेरी असताना जवळजवळ नापास. खालची हळद उघड्या चौकोनापेक्षा थोडीशीच पिवळी. तीच ओढणी चार पदरी केल्यावर चांगली पास झाली. म्हणजे नागपूरच्या मुली तोंडाभोवती दोन-तीन वेढे घेऊन फक्त डोळे उघडे ठेवतात, त्याची जी थट्टा होते ती करणाऱ्यांनी जरा जपून करावी. जॉर्जेटचा पदर नापास. दिसायला दाट, पण जाळी. माझी वीस वर्षांपूर्वीची वायलची साडी, जिला मी 'उन्हाळ्याची' म्हणते, ती तर अगदीच चाळणी. टू बाय टू रुबियाचा ब्लाउज मधला, पण अस्तर लावलेला भाग छान पिवळा राहिला होता. गडद निळं पॉपलिन उत्तम. जीनचं जाडं कापड पुठ्ठ्याच्या बरोबरीनं, त्यात नवल नाही, पण ती घालून गड चढायचा म्हणजे शिक्षा.

सगळ्यात कौतुक वाटलं ते मांजरपाटाचं. न धुवलेला, पिवळसर, पिठाच्या चाळणीखाली अंथरतो तोच. त्याची खूण पांढऱ्याशुभ्र पॉपलिनपेक्षाही चांगली उमटली. याला कारण आहे. कापसात मुळात काही द्रव्यं असतात जी हे किरण शोषून घेतात. गिरणीत कापड ब्लीच केलं की ती निघून जातात. कापूस पिकवणाऱ्या आपल्या विदर्भात, जिथं १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, तिथं मांजरपाट आता फक्त पिशव्यांपुरता आणि पेटीकोटापुरता राहिला आहे, याचं मला जरा वाईट वाटतं. खादीचं म्हणाल तर एकच उत्तर देता येत नाही. वर्ध्याहून आणलेली जाड खादी पास झाली, पातळ खादीखाली मात्र हळदीवर ठिपके ठिपके उमटले होते, कारण हातसूत कुठं जाड कुठं बारीक. उजेडाकडे धरून घ्या.

आणखी एक गंमत केली. पांढरा होजिअरीचा टी शर्ट नुसता टाचला तेव्हा बरा निघाला. तोच भरतकामाच्या रिंगमध्ये घट्ट ताणून टाचला, तर फरक लांबूनही दिसत होता. अंगाला चिकटून बसणारे टी शर्ट, लेगिंग्ज, यांचं हेच होतं; खांद्यावर, गुडघ्यावर, कोपरावर कापड ताणलं की वीण उघडते. आणि भिजल्यावर पांढरं सुती कापड आणखीच पारदर्शक होतं, हे पावसात भिजलेल्या कुणालाही सांगायला नको. साध्या पांढऱ्या सुती टी शर्टाचा आकडा कोरडा असताना ५ ते ७ आणि ओला झाल्यावर ३ च्या आसपास उतरतो, असं मोजणारे सांगतात. पाठीवर पिशवी असली की पाठ भिजलेलीच असते. पिशवी खुद्द पाठ झाकते, पण खांदे आणि मानेची मागची बाजू उघडी पडते, आणि चढताना मान खाली असते. नेमकं तिथंच ऊन बसतं.

ही हळदीची परीक्षा प्रयोगशाळेची नव्हे हे आधीच सांगते. हळद जांभळ्यापलीकडच्या किरणांनी उडते तशी साध्या निळ्या उजेडानेही उडते, त्यामुळे तुम्हाला आकडा काही मिळणार नाही. कुठलं कापड कुणापेक्षा बरं एवढाच नंबर लागेल. पॉलिएस्टरचा तर थोडा अन्यायच होतो, कारण पॉलिएस्टरचं सूत मुळातच भाजणारे किरण चांगले अडवतं, आणि पांढरं असलं तर उजेड मात्र आत सोडतं. म्हणजे परीक्षा चुकली तर बहुधा जास्त कडक होऊन चुकते. घरच्या परीक्षेने तसंच चुकावं.

रंगाबद्दल लहानपणापासून ऐकलेलं आहे, उन्हात पांढरं घाला, काळं तापतं. इथं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. किरण अडवण्यात त्याच कापडाचा गडद रंग पांढऱ्यापेक्षा सरस, कारण रंगच ते किरण पितो. तापण्याचं म्हणाल तर १९८० साली काही शास्त्रज्ञांनी वाळवंटातल्या बदाउनी लोकांच्या झग्यांची परीक्षा करून ती 'नेचर' या मासिकात छापली. भर उन्हात एकाच माणसाला काळा झगा आणि पांढरा झगा घालून उभं केलं. काळं कापड जास्त तापलं खरं, पण अंगापर्यंत पोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच. झगा ढगळ होता, मधल्या हवेने वरची उष्णता वाहून नेली. कापड अंगाला चिकटलेलं असतं तर काळा चटका लागलाच असता. माझं मत विचाराल तर ढगळ कुडत्याला निळा, मेंदी, विटकरी असा मधला रंग घ्यावा. काळा घेऊन कुणाला पटवत बसायचं?

पांढरंच आवडत असेल तर एक सोपी गोष्ट आहे. आपण पांढऱ्या कपड्यांना टिनोपॉल देतो ना, ते काय करतं ठाऊक आहे? तेच न दिसणारे किरण पितं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं, म्हणून कपडा झगझगीत दिसतो. म्हणजे चकाकीबरोबर थोडं संरक्षणही फुकट पडतं. साध्या नीळेचं असं नाही, ती नुसता पिवळेपणा झाकते.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल जाकिटाच्या पाटीवर एक अक्षर नसतं. कापडानं ऊन अडवलं, पण घाम वाळू दिला नाही, तर काय उपयोग? नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि हवामान खात्याचा पारा सावलीतला असतो. आपल्या कातडीचं तापमान असतं साधारण ३५. बाहेरची हवा त्याहून तापली की वारा गार करत नाही, उलट अंगात ऊब घालतो. म्हणूनच ४२-४४ अंशांत उघड्या हातांपेक्षा झाकलेले हात बरे वाटतात, आणि म्हणूनच आपले शेतकरी भर उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळतात. त्यावेळी शरीराकडे गार व्हायचा एकच उपाय उरतो, घामाचं वाळणं. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी, कूलर चालतो त्याच कारणाने घामही झटकन वाळतो. कापडाने फक्त मध्ये यायचं नाही.

याचीही परीक्षा केली. कापड तोंडाशी धरून फुंकर मारली. पलीकडे ठेवलेल्या हाताला वारा लागला तर पास. मग प्रत्येक तुकड्यावर एक चहाचा चमचा पाणी टाकून घड्याळ लावलं. शेजारच्या मुलीनं तिचं तसलंच एक जाकीट परीक्षेसाठी दिलं होतं. त्याच्या बाहीखाली हळद अगदी पिवळी राहिली होती, म्हणजे पाटी खोटी नव्हती. पाणीही मांजरपाटापेक्षा लवकर वाळलं. फुंकर मात्र नीट जाईना, आणि ते अंगाला चिकटून बसतं. सकाळी सातला ते घालून मी सेमिनरी हिल्सचा चढ चढले, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पॉपलिनचा ढगळ कुडता घालून. जाकिटात पाठीला धारा लागल्या. कुडत्यात घाम आला तेवढा उडत गेला.

यावरून जाकिटाला नावं ठेवायची नाहीत. सह्याद्रीतल्या पावसाळी दमट हवेत सुती कापड एकदा भिजलं की दिवसभर भिजलेलंच, तिथं हलकं, ढगळ, पटकन वाळणारं कृत्रिम धाग्याचं शर्ट बरं. हिमालयात जाणाऱ्यांनीही तेच घ्यावं. तिथं उंचीमुळे हे किरण प्रखर असतात आणि ताजा बर्फ त्यांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत खालून तोंडावर फेकतो. पण विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ढगळ, घट्ट विणीच्या सुती कापडाला तोड नाही, असं माझं मत झालं.

चिखलदऱ्याबद्दल एक सावधगिरी. ते साधारण ११०० मीटर उंचावर, नागपूर ३०० च्या आसपास. हवा गार म्हणून आपण पदर खाली सोडतो, बाह्या वर करतो. पण गारव्याचा आणि या किरणांचा काही संबंध नाही. दर हजार मीटरला ते दहा-बारा टक्क्यांनी वाढतातच. भाजतं ते तिथंच, कारण कळत नाही. पातळ ढग आले तरी तेच.

आता, पत्र पाठवणाऱ्या भगिनींसाठी. कोडाच्या जागी कातडीचा रंगच नसतो, त्यामुळे तिथं ऊन लवकर भाजतं, आणि भाजल्याने काहीजणींना नवीन डाग येऊ शकतात. जाऊबाईंच्या बोलण्यात तेवढं तथ्य आहे. पण त्यावर उपाय झाकणं हा आहे, घरी बसवणं नव्हे. तुम्ही जाकीट घेतलं नाही तरी चालेल. गडद पॉपलिनचा पूर्ण बाह्यांचा कुडता शिवा, ढगळ, बाजूला लांब चिरा ठेवून, काखेत चौकोनी जोड देऊन, म्हणजे हात वर केला तरी बाही ओढली जाणार नाही. बाही नेहमीपेक्षा चार बोटं लांब ठेवा, टोकाला दुहेरी कापड घ्या आणि शिवणीत अंगठ्यापुरतं भोक सोडा. अंगठा त्यातून घातला की पंजाची मागची बाजू बोटांच्या पेरांपर्यंत झाकते, काठी धरायलाही अडत नाही. गळ्याला उभी कॉलर. मानेवर डोक्यावरून घेतलेली ओढणी चार पदरी सोडा आणि वर चार बोटं काठाची टोपी; नुसत्या छत्रीवर राहू नका, हे किरण आकाशातून आणि जमिनीवरूनही येतात. उघड्या राहणाऱ्या बोटांना सनस्क्रीन लावा, भरपूर लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा, घामाने ते जातं. कोडासाठी औषध किंवा किरणांचे उपचार चालू असतील तर जायच्या आधी तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांना विचारा, कारण काही औषधांनी ऊन जास्त बाधतं. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घेणाऱ्या आणि ल्युपस असलेल्या बहिणींनाही हेच सांगते; त्यांनी घरच्या हळदीवर विसंबू नये, आकडा छापलेला कपडाच घ्यावा. तिथं अठराशे रुपये वाया जात नाहीत.

वेळ सांभाळा. साधी खूण आहे: तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की ऊन कडक. नागपुरात २६ मेच्या सुमारास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सावली पायाखालीच नाहीशी होते, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मुलांना गच्चीवर नेऊन दाखवा, बघण्यासारखं आहे. पण गडावर असताना सावली आखूड व्हायच्या आत, म्हणजे नऊच्या सुमाराला, उतरायला लागलेलं बरं. उजाडताच निघा. गाविलगड हा नागपूरकर भोसल्यांचा किल्ला, डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला. दरवाजे, तोफा, तळी बघायला दोन-अडीच तास सहज जातात, म्हणून आधी गड आणि नाष्टा खाली येऊन.

आणि कोणतंही कापड उष्माघात थांबवत नाही. बरोबरची एखादी अडखळू लागली, भलतंच बोलू लागली, अंग तापून लाल झालं, तर 'थोडं बसू दे' म्हणत वेळ घालवू नका. सावलीत आडवी करा, कपडे सैल करा, असेल तेवढं पाणी अंगावर ओता आणि वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पिण्याचं पाणी संपलं तरी चालेल, अंगावर ओता. हे अकराही जणींना निघण्यापूर्वी सांगून ठेवा, जाऊबाईंनाही.

कुडत्यासाठी छत्तीस इंची पन्ह्याचं साधारण अडीच मीटर कापड लागेल, धिप्पाड बांधा असेल तर पावणेतीन. मांजरपाट घेतलात तर पाव मीटर जास्त घ्या, तो फार आटतो. शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवा, पिळू नका, निथळून वाळवा आणि असं दोन-तीनदा करा. आटल्याने वीण आवळते आणि कापड आणखी घट्ट होतं, म्हणजे ऊनही जास्त अडवतं. खळ मात्र घालू नका. खळीने कापड ताठ होतं आणि फुंकर जात नाही. शिवून झाल्यावर एकदा उजेडाकडे धरून खांद्याच्या आणि बाहीच्या शिवणी बघा, शिंपी टाका लांब घालतो तिथं रेघ दिसते; तेवढी घरीच बारीक टाक्याने पुन्हा घाला.